आईला खाली पांढरे चट्टे आणि खाज, डॉक्टर तुकडा तपासायला सांगतायत, काय करू?

मोगरा८४

नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड आहे पण घरात कुणाशी धड बोलता येत नाहीये म्हणून इथे लिहितेय.

आईचं वय ६१, ती बार्शीला असते, मी पुण्यात. पाळी जाऊन दहाएक वर्षं झालीत. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, थायरॉईडची पण सकाळची गोळी असते. तिला खाली लघवीच्या जागेच्या आजूबाजूला खाज येते आणि हे काही आजचं नाही, दिवाळीत मी गेले तेव्हा बोलता बोलता बाहेर पडलं की दोन-तीन वर्षं अंगावर काढतेय. रात्री जास्त, झोपेत पण खाजवते म्हणे, कधीकधी लघवीला गेलं की झोंबतं. फॅमिली डॉक्टर पुरुष आहेत म्हणून तिने दाखवलं नाही, नुसतं "खाज येते" सांगितलं, त्यांनी फ्लुकोनॅझोल दिली, मग क्लोट्रिमॅझोल मलम, मग मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने ते तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम दिलं, ते लावलं की आठवडा बरा जायचा आणि सोडलं की दुप्पट खाज. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, डेटॉल टाकून धुणं झालं.

शेवटी मी तिला इकडे आणून एका लेडी डॉक्टरकडे नेलं. मॅडमनी लाइट लावून नीट बघितलं. आई बाहेर येऊन म्हणाली की इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बघितलं. त्या म्हणाल्या कातडी पांढरी आणि पातळ झालीये, आतले ओठ चपटे होऊन जवळपास गेल्यातच जमा आहेत, आणि उजव्या बाजूला एक छोटी जाडसर जागा आहे त्यावर चीर पडलीये ती भरत नाहीये, तिथला तुकडा काढून तपासायला पाठवू. चिठ्ठीवर लायकेन स्क्लेरोसस आणि पुढे प्रश्नचिन्ह.

झालं! मावशीचा फोन, तुकडा काढला की कॅन्सर असला तर पसरतो, अजिबात हात लावू देऊ नका. काका म्हणतात हे कोड आहे. वहिनी विचारते टॉयलेट एकच आहे, आपल्याला लागणार नाही ना. आणि आई आता म्हणते राहू दे, मला काही नको, मी जाते बार्शीला.

मला एवढंच कळत नाहीये की हे नुसतं बघून सांगता येत नाही का? तुकडा काढायलाच हवा का, दुखतं का? मागच्या वर्षी तिची पॅप टेस्ट नॉर्मल आली होती मग त्यात हे दिसायला नको होतं का? आणि हे बाईंच्या डॉक्टरचं काम की स्किनवाल्याचं?

कडीपत्ता

ताई, माझ्या सासूबाईंना सेम हेच होतं. तुकडा काढला, त्याच दिवशी घरी आलो, संध्याकाळी त्यांनीच भाकऱ्या थापल्या. रिपोर्टमध्ये कॅन्सर वगैरे काही नव्हतं, रात्री लावायचं मलम दिलं आणि खाज खरंच गेली. त्यांना खरा त्रास झाला तो टेबलावर पाय वर घेऊन झोपण्याचा, लाजेने अर्ध्या झाल्या. कुणीतरी बाई सोबत आत उभी राहू दे.

मावशींना फोनवर घेऊ नका काही दिवस 😄

डॉ_गायनॅक_नगर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. न बघता निदान करणार नाही, कारण या धाग्यातला मूळ घोळच तो आहे की दोन-तीन वर्षं सगळ्यांनी न बघता औषध दिलं. पण तुमच्या मॅडम बरोबर चालल्यात असं वर्णनावरून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे बाई खाज म्हणाली की फंगस, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की चिठ्ठी आधी लिहिली जाते. आता विचार करा, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि त्या वातावरणात कॅन्डिडा ही बुरशी सहजासहजी वाढत नाही, त्यामुळे साठीच्या बाईला वारंवार फंगस होत असेल तर दोनच शक्यता मी धरतो, एक तर शुगर कंट्रोलमध्ये नाही किंवा हे फंगसच नाही. तुमच्या आईंना शुगर आहे म्हणून ते बघावंच लागेल. त्यांच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे त्या जागी फंगस होणं हा त्यांचा माहितीतला साइड इफेक्ट आहे. फंगस आहे की नाही याची टेस्ट एकदम साधी आहे, थोडा स्राव काचेवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे पण करतं कोण.

आता रंग. व्हल्वाच्या (म्हणजे योनीबाहेरच्या दिसणाऱ्या जागेच्या) आजारांवर काम करणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिने २०११ मध्ये डॉक्टरांसाठी एक पद्धत सुचवली, की नाव आठवत बसण्याआधी जागेचा रंग आणि पोत बघा: कातडीच्याच रंगाचं आहे, लाल आहे, पांढरं आहे, गडद आहे, फोड आहेत, जखम आहे की सूज. मला ही पद्धत आवडते कारण ती तुम्हाला बघायला भाग पाडते. पांढऱ्यात मुख्य तीन गोष्टी येतात. कोड असेल तर फक्त रंग जातो, कातडीचा पोत तसाच राहतो, खाज शक्यतो नसते, त्या जागेचे केससुद्धा पांढरे होऊ शकतात. सतत खाजवून खाजवून कातडी जाड चामड्यासारखी होते आणि ओलसरपणामुळे पांढरट दिसते, ते लायकेन सिम्प्लेक्स. आणि तिसरं लायकेन स्क्लेरोसस, यात कातडी पातळ, चुरगळलेल्या सिगारेटच्या कागदासारखी दिसते, खाली शौचाच्या जागेपर्यंत जाऊन इंग्रजी आठ आकड्यासारखा पट्टा होतो, पण योनीमार्गाच्या आत जात नाही. हळूहळू आतले ओठ विरघळल्यासारखे होतात, क्लिटोरिसवरची कातडी चिकटते, योनीचं तोंड अरुंद होतं. काकांना सांगा, कोडात ओठ नाहीसे होत नाहीत.

लायकेन स्क्लेरोससमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या कातडीवर उलटते असं मानतात, आणि थायरॉईडचे आजार अशा बायकांमध्ये जास्त सापडतात, म्हणून तुम्ही थायरॉईडची गोळी लिहिलीत तिथे माझं लक्ष गेलं. वहिनींना सांगा हा संसर्ग नाही, टॉयलेट, टॉवेल, कशानेही लागत नाही.

पॅप टेस्टबद्दल: त्यात गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेतात. बाहेरच्या कातडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पॅप नॉर्मल आणि व्हल्वावर आजार, हे अगदी शक्य आहे.

आता तुकडा. सगळं चित्र क्लासिक असेल, कुठे जाड नाही, जखम नाही, तर बरेच डॉक्टर बायॉप्सी (तुकड्याची तपासणी) न करता औषध चालू करतात आणि ते चुकीचं नाही. पण जाडसर जागा, न भरणारी चीर किंवा व्रण, गाठ, रंग बदलणारा डाग, किंवा योग्य औषध देऊनही फरक नाही, यातलं काहीही असेल तर तुकडा घ्यायचाच. कारण लायकेन स्क्लेरोससच्या रुग्णांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आतच असलं तरी तो होतो तेव्हा अशाच जाड किंवा न भरणाऱ्या जागेतून सुरू होतो. तुमच्या आईंच्या बाबतीत मॅडमनी नेमकी तीच जागा निवडलीये.

दुखण्याबद्दल, बारीक सुईने लिग्नोकेनचं बधिर करणारं इंजेक्शन देतात तेवढंच काय ते टोचतं. मग तीन-चार मिलिमीटरचं गोल पंच, एखादा टाका किंवा तोही नाही. एक-दोन दिवस लघवी झोंबेल, लघवी करताना वरून कोमट पाणी ओतलं की कमी झोंबतं.

लिंबोणी_

डॉक्टर माफ करा पण मावशींच्या मुद्द्याचं उत्तर राहिलं. आमच्या गावात पण असंच म्हणतात, सुई लावली की वाढतो. आमच्या शेजारच्या काकूंचं असंच झालं, तपासणी केली आणि सहा महिन्यांत गेल्या.

स्लाइडवाला

मी पॅथॉलॉजीवाला. पेशंट मला दिसत नाही, तुकडा दिसतो, म्हणून याचं उत्तर मी देतो.

पसरतो हा समज खोटा आहे. शेजारच्या काकूंसारख्या गोष्टी मी पण ऐकल्यात आणि जवळपास प्रत्येकीत तपासणीच उशिरा झालेली असते, आजार आधीच पुढे गेलेला असतो आणि नाव सुईचं होतं. उलट व्हल्वात तुकडा आधी घेतल्याने ऑपरेशन छोटं होऊ शकतं. समजा कॅन्सर निघालाच, तर गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे का आणि तो कातडीखाली एक मिलिमीटरपेक्षा खोल गेलाय का यावर जांघेतल्या लसिका गाठी (लिंफ नोड) तपासायच्या की नाही हे ठरतं. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि खोली एक मिलिमीटरच्या आत असेल तर जांघेला हात लावावा लागत नाही. ही खोली डोळ्यांनी दिसत नाही, मायक्रोस्कोपखाली मोजावी लागते. आणि म्हणूनच "संशय आहे ना, मग सगळंच कापून टाकू" हे पहिल्याच फटक्यात करणं मला पटत नाही, रिपोर्ट वाईट आला तर नंतरच्या सर्जनला मूळ जागा कुठे होती तेच कळत नाही.

आता मुलीने करायची काही कामं. फॉर्मवर नुसतं "व्हल्वल बायॉप्सी" एवढंच लिहून येतं आणि आम्ही कपाळाला हात लावतो. वय, किती वर्षं त्रास, नेमकी कुठली जागा (उजवीकडे की डावीकडे, शक्यतो छोटी आकृती), डॉक्टरांना काय वाटतंय, आणि कुठलं मलम लावत होत्या, हे सगळं असू द्या. विशेषतः मलम, कारण स्टिरॉइड लावलेल्या कातडीचं चित्र पुसट होतं आणि आम्ही काहीतरी गुळमुळीत रिपोर्ट देतो. जमत असेल तर बायॉप्सीआधी दोन-तीन आठवडे ते मिक्स मलम बंद ठेवायचं का हे मॅडमना विचारा, पण संशयाची जागा असेल तर त्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. दोन वेगळ्या जागा घेतल्या तर दोन वेगळ्या बाटल्या, दोन वेगळी लेबलं.

लायकेन स्क्लेरोसस ओळखणं मला तसं सोपं जातं, वरचा थर पातळ, त्याच्या खाली एक फिकट गुलाबी एकसंध पट्टा आणि त्या पट्ट्याखाली लिंफोसाइट पेशींची रांग. अवघड आहे ती त्यातून निर्माण होणारी कॅन्सरआधीची अवस्था. तिचे दोन वेगळे प्रकार आहेत. एक एचपीव्ही व्हायरसमुळे होतो, बहुतेक वेळा १६ नंबरचा, तुलनेने तरुण बायकांमध्ये, आणि तो मायक्रोस्कोपखाली लगेच डोळ्यात भरतो. दुसरा लायकेनच्या जमिनीवर उगवतो, व्हायरसचा संबंध नाही, पेशी इतक्या साळसूद दिसतात की "नुसती सूज आहे" म्हणून निसटतो, आणि हाच जास्त वेगाने कॅन्सरकडे जातो. शंका आली की पी१६ आणि पी५३ अशा खास स्टेन लावून बघतो. म्हणून रिपोर्ट आला आणि जखम तरी भरली नाही तर "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून गप्प बसू नका, परत तुकडा घ्या किंवा त्याच स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागायचा तुम्हाला हक्क आहे, द्यायला आम्हाला राग येत नाही (काहींना येतो).

अनामिका२६

ताईंच्या धाग्यात घुसतेय, सॉरी. मला आतल्या ओठांच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे बारीक बारीक गुलाबी दाणे आहेत, दुखत नाहीत खाजत नाहीत, मी आरशात बघितलं तेव्हा दिसले. एका क्लिनिकमध्ये बघून वॉर्ट (संबंधातून लागणारे चामखीळ) आहेत जाळून टाकू म्हणाले आणि नवऱ्याची पण टेस्ट करा म्हणाले. तेव्हापासून घरात जे चाललंय ते विचारू नका. लग्नाला वर्ष पण नाही झालं.

कातडीबोले

मी त्वचारोगवाली, सरकारी कॉलेजच्या ओपीडीत. अनामिका, न बघता बोलतेय हे धरून चाल, पण दोन्ही बाजूंना सारखे, ओळीने, मऊ, आणि प्रत्येक दाणा स्वतःच्या वेगळ्या बुडातून उगवलेला असेल तर ते व्हेस्टिब्युलर पॅपिलोमॅटोसिस असू शकतं, म्हणजे नॉर्मल रचना. कुणाचं नाक मोठं असतं तसं. वॉर्ट वेडेवाकडे येतात, एका बुडातून फुलकोबीसारखे फुटतात, कडक लागतात, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी. व्हिनेगरसारखं ऍसिड लावून पांढरं झालं म्हणजे वॉर्ट असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नको, बाहेरच्या कातडीवर ती टेस्ट कशालाही पांढरं करते. दुसऱ्या डॉक्टरला दाखव, डर्मोस्कोपने (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) पटकन कळतं, तोपर्यंत काही जाळून घेऊ नको. नवऱ्यासोबतचं भांडण तेवढं थांबव.

मोगरा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हे दोघांचंही काम आहे. आमच्या बोर्डावर "त्वचा व गुप्तरोग" लिहिलेलं असतं ना, ते वाचून निम्म्या बायका गेटवरूनच परत जातात. तुमच्या आईंनी तो बोर्ड बघू नये म्हणून मागच्या दाराने आणलं तरी चालेल.

त्या मिक्स मलमाबद्दल मला बोलायचंय. त्यात बहुतेक वेळा क्लोबेटासोल किंवा बीटामिथॅसोन असं तगडं स्टिरॉइड, एक अँटिफंगल आणि एक-दोन अँटिबायोटिक असतात. कायद्याने चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, मिळतं मात्र सगळीकडे. जांघेत गजकर्ण असेल तर स्टिरॉइडने आधी लाली आणि खाज दबते आणि आत बुरशी मोकाट पसरते, आज महाराष्ट्रात कुठल्याही स्किन ओपीडीत बसा, हेच दिसेल. गंमत अशी की आईंना त्याने बरं वाटायचं ते बहुधा त्यातल्या स्टिरॉइडमुळेच, कारण लायकेन स्क्लेरोससचं खरं औषध क्लोबेटासोलच आहे. पण ते निदान झाल्यावर, एकटं, मलम म्हणजे ऑइंटमेंट स्वरूपात (क्रीम झोंबतं), आणि ठरलेल्या पद्धतीने: साधारण महिनाभर रोज रात्री, मग महिनाभर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि पुढे गरजेप्रमाणे. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरायला हवी. महिन्यात संपली तर जास्त लावताय, वर्षभर पुरली तर लावतच नाहीये. बॉक्सवर "नाजूक जागी लावू नये" लिहिलेलं असतं ते वाचून आया मलम कपाटात ठेवून देतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

डेटॉल बंद. कडुलिंब बंद. पावडर, सुगंधी साबण, खोबरेल तेलात कापूर, सगळं बंद. साधं पाणी. लघवी थेंबथेंब होत असेल आणि पॅड लावत असतील तर ते पण सांगा, लघवीच्या ओलाव्याने आणि पॅडने कातडी सोलवटते, आणि मलम लावून उपयोग होत नाही. व्हॅसलिनचा पातळ थर मात्र चांगला.

आणखी एक, तपासताना त्यांचं तोंड बघायला सांगा, हिरड्या. हिरड्या लाल सोललेल्या आणि खाली पण लाल ओली जखम, योनीमार्गाच्या आतपर्यंत, असं असेल तर ते लायकेन प्लेनस, नाव सारखं पण आजार वेगळा. आणि तिथे किंवा पेम्फिगससारख्या फोडांच्या आजारात जखमेच्या मधला तुकडा घेऊन काही कळत नाही, कडेचा घ्यावा लागतो, आणि एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या नेहमीच्या द्रवात) न टाकता सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. स्लाइडवाले दुजोरा देतील.

स्लाइडवाला

दुजोरा. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवतात आणि मग इम्युनोफ्लुरोसन्स (त्या सलाइनवाल्या तुकड्यावर करायची खास टेस्ट) करा म्हणतात. होत नाही ते.

लिंबोणी_

बरं सुईचं पटलं मला, मावशींना पण वाचून दाखवा. मॅडम एक विचारायचं होतं. माझ्या भाचीला, चौदा वर्षांची आहे, ताप आला होता आणि मग खाली दोन मोठ्या जखमा झाल्या, काळपट बुडाच्या, लघवी करताना किंचाळायची. डॉक्टरांनी आईला बाहेर काढून तिला काय काय विचारलं. ती पोर नुसती रडत होती. आता बरं आहे पण ते मनातून जात नाही.

कातडीबोले

मुलीला एकटीने विचारलं ते बरोबरच आहे, कुणी त्रास दिला असेल तर ती आईसमोर सांगणार नाही. ती चौकशी टाळता येत नाही, विचारायची पद्धत मात्र हळुवार हवी. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते लिपशुट्झ अल्सर असू शकतं, शरीरसंबंध कधीच न आलेल्या मुलींमध्ये व्हायरल तापानंतर अचानक येतात, खूप दुखतात, आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरतात. परत परत आल्या, आणि तोंडात पण येत असतील तर बेशेट नावाच्या आजारासाठी तपासावं लागतं.

जखम म्हटलं की इतकी कारणं आहेत की दुखतं की नाही यावरून सुरुवात करावी लागते. बारीक पाणीदार फोडांचा घोस येऊन फुटतो आणि आग होते ते हर्पिस. एकच कडक बुडाची जखम आणि अजिबात दुखत नाही ते सिफिलिस, आणि दुखत नाही म्हणून बाई येतच नाही, जखम भरते, आजार आत राहतो. म्हणून जखम असेल तर व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही सगळ्यांचीच करतो, चेहरा बघून नाही. जिल्हा रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतात तिथे हे फुकट होतं. एखाद्या गोळीने दर वेळी त्याच जागी काळा डाग किंवा जखम होते, दुखण्याच्या गोळ्या, सल्फा, ते वेगळंच. आणि टीबी. आपल्या देशात न भरणाऱ्या जखमेत टीबी विसरून चालत नाही.

डॉ_गायनॅक_नगर

यात माझी एक भर. चाळिशीनंतर योनीच्या तोंडाशी एका बाजूला नवीन गाठ आली आणि कुणी बार्थोलिनची (योनीच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ म्हणून नुसती फोडून दिली, तर त्यातला तुकडा तपासला का हे विचारा. तरुण मुलीत ती गाठ बहुतेक वेळा साधी असते, त्या वयात तसं गृहीत धरत नाही. तसंच साठीच्या पुढे लाल, ओलसर, मधेमधे पांढरट असा एक्झिमासारखा चट्टा जो कुठल्याच मलमाला दाद देत नाही, तो पॅजेट (कातडीतल्या कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकार) असू शकतो, तेही तुकड्याशिवाय कळत नाही.

अनामिका, लसीबद्दल पण डॉक्टरला विचार. पुण्याच्या सिरमची सर्व्हावॅक २०२३ पासून मिळते, एचपीव्हीच्या ६, ११, १६, १८ या प्रकारांवर आहे. त्यातले ६ आणि ११ वॉर्टवाले. लायकेनमधून होणाऱ्या कॅन्सरवर मात्र तिचा उपयोग नाही.

मोगरा८४

सगळ्यांचे खूप खूप आभार, धागा मोठ्याने वाचून दाखवला आईला (हिरड्यांचं ऐकून लगेच आरशात जाऊन आली, ठीक आहेत). शुक्रवारची वेळ घेतलीये. शुगरच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन आहे! बंद करू का आजपासून? आणि ती हार्टच्या डॉक्टरांनी दिलेली इकोस्प्रिन पण घेते, त्याचं काय?

डॉ_गायनॅक_नगर

दोन्ही स्वतःहून बंद करू नका. डॅपा हार्ट आणि किडनीसाठी पण देतात, ज्यांनी दिलीये त्यांना फोन करून सांगा की हा त्रास आहे, बदलायची का ते ठरवतील. शुक्रवारी स्रावाची फंगस टेस्ट पण करून घ्या, लायकेन आणि फंगस एकत्र असू शकतात. इकोस्प्रिनवर एवढा छोटा तुकडा शक्यतो घेता येतो, थोडं रक्त जास्त वेळ येईल, दाबून धरलं की थांबतं, पण मॅडमना आधी सांगा. शिवाय क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी असेल तर तेही. आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी.

कडीपत्ता

सुती सैल पेटीकोट घालून या म्हणावं, सलवार नको. आणि रिक्षाने या, टू व्हीलरवर नका नेऊ परत येताना.